शकू आत्याचा ‘आज नळ कुठं’

“ह्यो कागद कशाचा म्हणायचा?” स्वामी म्हणाले.

त्यांनी तुझ्या गळ्यातली चांदीची डबी उघडली होती. त्यातलं लिंग काढून तुझ्या डाव्या तळहातावर ठेवायचं होतं. आधी लिंग निघालं, आणि त्याच्या मागून पेराएवढी कागदाची गुंडाळी, पुडीच्या दोऱ्यानं बांधलेली. समाधीच्या खड्ड्याभोवती उभे असलेले सगळे तिच्याकडे बघत होते. पप्पा म्हणाले, “मंत्र लिव्हलेला असंल. लई नेमाची होती ती.” मागून कुणीतरी म्हणालं, “मग संगंच जाऊ द्या.” स्वामींनी मान हलवली. गुंडाळी तळहातावर, तिच्यावर लिंग. तुझी बोटं मिटवली. मग विभूती, बेल, मीठ, माती.

आत्या, तो मंत्र नव्हता. तिथं जमलेल्या माणसांत हे एकट्या मला माहीत होतं आणि मी काही बोलले नाही. माती पडताना मी एका बाईच्या चपलेचा तुटलेला अंगठा बघत होते. तो सुतळीनं बांधला होता. त्या दिवसाचं मला तेवढंच नीट आठवतं.

त्या गुंडाळीत तुझ्या ब्लॉगचा पासवर्ड होता.

माझ्या डिग्रीसाठी पप्पांनी कंप्युटर घेतला तेव्हा तो ठेवायला दुकानामागची खोली सोडून जागा नव्हती. एका बाजूला तांदळाची पोती, एका बाजूला तेलाचे डबे, मध्ये मी. कीबोर्डवर कायम पिठाचा हात फिरल्यासारखा थर. इंटरनेट लावलं की दुकानाचा फोन बंद पडायचा आणि पप्पा गल्ल्यावरून ओरडायचे, “अगं सोडा की फोन! गिऱ्हाइकाची यादी यायची हाय!” तू पडद्याच्या आतून ओरडायचीस, “येईल की चालत! पाय न्हाईत का त्याला?”

तू मला विचारलंस, मी त्यात रोज काय लिहिते. मी माझा ब्लॉग दाखवला. इंग्रजीत होता. नाव खोटं, गावाचा उल्लेख नाही, खाली कुणी काही लिहू नये म्हणून ती जागा बंद. कॉलेजातल्या चार मैत्रिणींनाच त्याचा पत्ता माहीत होता.

“हे कुणासाठी लिव्हतीस?”

“माझ्यासाठी.”

“मग वहीत कावून न्हाई लिहीत?”

मी हसले. तू हसली नव्हतीस, तुला खरंच उत्तर हवं होतं. ते मी दिलं नाही. थोड्या वेळानं तू म्हणालीस, “मला एक काढून दे. नळाचा.”

ही तुझी कल्पना मला वेडगळ वाटली होती. आपल्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, पण कोणत्या दिवशी आणि किती वाजता हे चावी फिरवणाऱ्यालाच माहीत. त्याच्या पायी बायका माहेरी जात नाहीत, लग्न अर्धं टाकून परत येतात. आणि तू दिवसभर दुकानात बसणारी. साखर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तू आधी विचारायचीस, “तुमच्याकडं आला का?” ती सांगायची ते पुडीच्या कागदाच्या कडेला लिहून ठेवायचीस. सगळ्या गावाचं पाणी तुझ्या काउंटरवरून जात होतं, फक्त ते दुकानातून बाहेर पडत नव्हतं. हे मला पहिला महिना गेल्यावर कळलं.

एका बोटानं टाइप करायचीस. तुझी पहिली नोंद मला पाठ आहे: “मोंढ्यामागं आला. पाऊण तास. गढूळ हाय, पहिली घागर झाडाला घाला. वेशीपाशी न्हाई. वरच्या आळीला उद्या येईल असं चावीवाला म्हणतो, पण त्यो मागल्या वेळंबी म्हणलता.” मी ‘नाही’ आणि ‘आहे’ करून देऊ लागले तर तू माझा हात बाजूला केलास. “मी बोलते तसंच ऱ्हाऊ दे. न्हाई तर लोकांला वाटंल, सरकारनं लिव्हलंय.”

वाचायला लागली ती बाहेरगावी गेलेली पोरं. पुण्यात, मुंबईत, एक तर दुबईत. ती तिथून आपल्या आईला फोन करायची की उद्या पाणी येणार आहे, भांडी घासून ठेव. पलीकडच्या बोळातली म्हातारी दुकानात येऊन म्हणाली होती, “शकू, पोरगा पुण्यात बसून माझ्या नळाचं सांगतो, अन् मी नळाच्या उशाला बसून मला ठाव न्हाई!” मग ती माणसं खाली कॉमेंटमध्ये लिहू लागली. आमच्याकडे आला, आमच्याकडे नाही, आमच्याकडे आला आणि लगेच गेला. हळूहळू तुझं निम्मं लिखाण त्यांच्याच बातम्यांवर चालू लागलं. त्यात एक ‘पालीकर’ होता. दर आठवड्याला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा: पालीच्या धरणाच्या आज बारा पायऱ्या उघड्या, आज तेरा. जितक्या पायऱ्या उघड्या, तितकं पाणी खाली गेलेलं. तेवढं लिहिलं की संपलं, नमस्कार नाही, चमत्कार नाही. तुला तो सगळ्यांत आवडायचा. “कामाचा माणूस,” म्हणायचीस.

पासवर्डचे नियम मी घालून दिले होते. नाव नको, जन्मतारीख नको, अक्षरांत आकडे मिसळ, कुणाला सांगू नकोस, मलाही नाही. तू तो टाइप करायचीस तेव्हा मी तोंड पोत्यांकडे फिरवायचे. आणि कुठेही लिहून ठेवायचा नाही. हा शेवटचा नियम तू पहिल्याच दिवशी मोडलास.

“कुठं ठेवलायस?”

तू छातीवर दोन बोटं टेकवलीस. मला वाटलं, पाठ केलास.

“पाठ कशाचा होतोय त्यो. डबीत हाय.”

“आत्या! लिंगाच्या डबीत?”

“मग? ह्याला माझ्याबिगर कुणाचा हात लागत न्हाई. माझ्या आईचाबी लागला न्हाई कधी. तुझ्या कंप्युटरला हाय का असला नेम?”

हसायचं की रागवायचं, ते अजून ठरलेलं नाही.

म्हणून तुझा ब्लॉग दिवसातून एकदाच, पूजेनंतरच उघडायचा. आंघोळ, विभूती, लिंगपूजा, आणि डबी बंद करायच्या आधी तो कागद एकदा बघून घ्यायचा. कपाळावरचे पट्टे ओले असतानाच तू खुर्चीत येऊन बसायचीस. लिहून झालं की मी शिकवल्याप्रमाणे आठवणीनं ब्लॉगातून बाहेर पडायचीस. मी कॉलेजात अनेकांचे पासवर्ड बघितले आहेत, परीक्षा नंबर, हिरोईनची नावं. तुझ्याइतका सांभाळलेला एकही नव्हता.

एकदा आठवडाभर कुठलेच ब्लॉग उघडेनात. मी कॉलेजात विचारलं, तर वरूनच बंद आहेत म्हणाले. मी घरी येऊन तुला तेच सांगितलं. “वरून म्हणजे कुठून?” मला माहीत नव्हतं. “बंद करणाऱ्याला नळ कधी येतो विचार,” म्हणालीस आणि तुरीच्या भावाची पाटी पुसून तिच्यावर गल्ल्यांची नावं लिहून ती दुकानाबाहेर टांगलीस. खाली लिहिलंस, ‘पुण्याला कळवा.’ लोक खरंच फोन करून कळवत होते. पप्पांच्या तुरीच्या भावाला आठवडाभर जागा मिळाली नाही.

मग ती नोंद. एका गल्लीत एक दिवसाआड नळ येतो आणि तिच्या मागच्याच गल्लीत नऊ दिवसांनी, एवढंच तू लिहिलं होतंस. कुणाची गल्ली, ते लिहिलंही नव्हतंस. गावाला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून एकजण आला. सुपारी घेतली. पैसे देताना म्हणाला, “शकूताई, ते कंप्युटरवरचं तेवढं काढा. सायेब नाराज हायत.”

“चुकलंय का त्यात काई?”

“चुकलं न्हाई वो. पण समद्या जगाला कावून दिसाया पायजे?”

“सायबाला म्हणावं, खाली जागा हाय. आमच्याकडं रोज येत न्हाई, असं त्यांनीबी लिव्हावं. मी पुसायची न्हाई.”

मी पडद्याआड उभी होते. तू मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला गूळ तोडून देत होतीस.

दोन दिवसांनी खाली ती कॉमेंट आली. बिननावाची. ती मी इथे लिहिणार नाही. त्यात तुझ्या सासरच्या गावाचं, युसूफ वडगावचं नाव होतं, आणि तू लग्नानंतर दोन वर्षांत तिथून माहेरी का आलीस याचं एक घाण कारण होतं. तू सगळ्या कॉमेंट वाचायचीस तशी तीही ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचलीस. शेवटपर्यंत. मग म्हणालीस, “गावाचं नाव तरी बरूबर लिव्हलंय बघ.”

मी म्हणाले, काढून टाक. तू म्हणालीस, ऱ्हाऊ दे, कुणाची जीभ कशी हाय ते दिसंल. मी म्हणाले, निदान अशी सोय कर की आधी तू बघायचं, तू हो म्हटलंस तरच ते छापलं जाईल.

“म्हंजी मी दारात बसू? तू ये, तू येऊ नको?”

“हो.”

“अन् कुणी सकाळी लिव्हलं की नळ आला, तर त्यानं दुसऱ्या दिवशीच्या माझ्या पूजंपत्तोर थांबायचं? पाणी गेल्यावर सांगू का, आलतं म्हणून?”

“पण असलं लिहितात त्याचं काय?”

“नळावर बाया एकमेकीची सात पिढ्यांची भांडणं काढत्यात. म्हणून नळ बंद करतो का आपण?”

“ते तुझ्याबद्दल आहे, आत्या.”

“मग माझं मी बघीन की.” आणि मग तू माझ्याकडे बघितलंस. “तुला भ्या कशाचं वाटतंय, गौरे? माझ्याबद्दल लिव्हलं त्याचं, का ह्या घराबद्दल लिव्हलं त्याचं?”

मी उठून आत गेले.

त्याचं उत्तर आता देते. त्या आठवड्यात लातूरची माणसं मला बघायला येणार होती. मुलगा कंप्युटरमधलाच होता. तो आपल्या गावाचं नाव टाकून शोधणार, त्याला तुझा ब्लॉग सापडणार, आणि खाली ते. मला तुझी काळजी वाटत होती हे खोटं नाही. पण तू विचारलंस त्यातलं दुसरं जास्त खरं होतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी तू पासवर्ड टाकून बसली होतीस, नोंद सुरू करणार तेवढ्यात बाहेरून कुणी तरी हाक मारली, “शकूबाई, पावशेर साखर!” तू उठून गेलीस. खुर्ची मोकळी होती. मी ती कॉमेंट पुसली. मग सेटिंगमध्ये गेले आणि एका चौकोनात खूण केली. यापुढे प्रत्येक कॉमेंट आधी आतल्या पानावर जाऊन थांबेल. मालकानं हो म्हटल्याशिवाय दिसणार नाही. दोन मिनिटंही लागली नाहीत. तू साखरेचे हात झटकत परत आलीस, लिहिलंस, बाहेर पडलीस. ती कॉमेंट गेलेली तुझ्या लक्षात आली की नाही, कधीच कळलं नाही. तू विचारलं नाहीस. त्या माणसानं आपली आपणच काढली, असं तुला वाटलं असेल. तू माणसांबद्दल असं समजू शकायचीस.

आतलं पान तुला माहीत नव्हतं. ते सगळं इंग्रजीत होतं आणि तुला फक्त ‘नवीन’चं बटण ठाऊक होतं. माझा विचार असा होता की लातूरची माणसं येऊन गेली की मी खूण काढून टाकेन. ती आली, गेली, कळवतो म्हणाली. पण पुढे खुर्ची कधी मोकळी सापडली नाही. आणि सापडली असती तरी आत साठलेल्या तीन आठवड्यांच्या कॉमेंट एकदम बाहेर आल्या असत्या आणि तू विचारलं असतंस. तुला सांगणं सोपं होतं, तू मला दोन शब्द बोलून सोडलं असतंस, हे मला तेव्हाही कळत होतं. मी रोज ठरवायचे, उद्या.

“कुणीच काई लिहीना गं आता,” तू म्हणायला लागलीस. पहिल्या आठवड्यात हसून. नंतर तशीच, पडद्याकडे बघत. नोंदी आखूड झाल्या. आपल्या गल्लीचं आणि दुकानात येणाऱ्या दहा-बारा बायकांचं तेवढं. दुबईच्या पोराची आई म्हणाली, पोरगा विचारतो, आमच्या आळीचं कावून येत न्हाई? तू म्हणालीस, “तुझ्या आळीचं कुणी सांगंल तर येईल की.” त्या आळीचं कुणी तरी सांगत असणार. ते आत पडून होतं.

सगळ्यांत जास्त तू पालीकराचं मनावर घेतलंस. “आजारी तर न्हाई? का मेला? नाव न्हाई, गाव हाय. कुठं विचारावं?” मी म्हणाले, कंटाळला असेल. हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले.

मग ऐन उन्हात, पप्पा नको म्हणत असताना, तू काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून पालीला गेलीस. दुपारी परत आलीस तेव्हा तोंड लाल झालं होतं, पदराची कड घामानं भिजली होती. उभ्यानं दोन तांबे पाणी प्यालीस. म्हणालीस, “सतरा. सोता मोजल्या. वरून खाली अन् खालून वर.” मग खाली बसलीस. “पालीकर तिथं कुणालाच ठाव न्हाई गं. लोक म्हणत्यात, समदेच पालीकर हायत इथं.” पप्पा मोठ्यानं हसले. तूही हसलीस. मी तुला पंखा लावून दिला.

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आपण दोघीच उरलो होतो, पप्पा गल्ल्यावर गेले होते. तू डोळे मिटून बसली होतीस. मी तोंड उघडलं होतं. तुला आठवतं का, मी “आत्या” म्हणाले? तू “काय गं” म्हणालीस. मी म्हणाले, “अजून पाणी देऊ?”

त्यानंतर अकराव्या दिवशी तू दुकानात, खुर्चीतल्या खुर्चीत गेलीस. पप्पांनी डॉक्टरांना विचारलं, उन्हाचं काही असेल का. डॉक्टर म्हणाले, नाही, हृदय. ते वाक्य मी नीट ऐकून ठेवलं. दिवसातून बऱ्याचदा ते काढून बघते. त्यानं काही होत नाही.

मला रडू आलेलं नाही, आत्या. बायका म्हणतात, इंग्रजी शाळेतली पोर, आतल्या गाठीची. मी चहा करते, कपबशा मोजते, आल्या-गेल्याला पाणी देते. रोज तुझ्या पूजेच्या वेळेला खुर्चीशी जाऊन उभी राहते आणि परत येते. खुर्चीच्या पाठीवर तुझ्या विभूतीच्या बोटांचे डाग आहेत. ते कुणी पुसलेले नाहीत, मीही नाही. ते बघून काही वाटायला हवं, असं मला वाटतं.

समाधीच्या वेळी मी गप्प का राहिले, ते मला सांगता येत नाही. एवढ्या माणसांत कधी बोलले नाही, हे एक. लिंगाच्या डबीत तू कंप्युटरचा कागद ठेवलास हे कळलं तर तुला नावं ठेवतील, हे दुसरं. आणि तिसरं, कागद हातात आला असता तर मला आतलं पान उघडावं लागलं असतं. तिन्हींतलं कोणतं जास्त होतं, याचा हिशेब मला लागत नाही.

घरी आल्यावर मी प्रयत्न केला. तुझं नाव, पप्पांचं, गल्लीचं. मीच घातलेल्या नियमांमुळे यातलं काही चालणार नव्हतं. पासवर्ड विसरलेल्यांसाठी एक प्रश्न असतो. त्यात तू विचारून ठेवलं होतंस, ‘मला कोण ओरडतं?’ मी पप्पांचं नाव घातलं. मग आजीचं. मग माझं. मग कंप्युटरनं सांगितलं, पुन्हा प्रयत्न करू नका. कंपनीला माझ्या चांगल्या इंग्रजीत पत्र लिहिलं. आपोआप निघालेलं उत्तर आलं, तुमचं म्हणणं पोहोचलं.

तिसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवाला पुन्हा आला. हात जोडले, तुझ्याबद्दल चांगलं बोलला. निघताना पप्पांना म्हणाला, “आता बाईच न्हाईत, तर ते कंप्युटरवरचं बी काढून टाका. उगं कशाला.” पप्पा थकलेले होते. त्यांनी मला हाक मारली, “गौरी, टाक गं काढून.” मी म्हणाले, येत नाही. “कावून?” मी म्हणाले, पासवर्ड आत्याबरोबर गेला. तुझी नऊ दिवसांची ती नोंद तिथेच आहे. ती पुसायला आता कुणालाच जाता येणार नाही, सायबाला नाही, पप्पांना नाही, मला नाही. हे तुझ्यामुळे झालं, त्या डबीमुळे, आणि यासाठी मी तुझी ऋणी आहे. पण त्याच कुलपाआड पाच-सहा आठवड्यांच्या लोकांच्या कॉमेंट आहेत. त्याही कुणाला बाहेर काढता येणार नाहीत.

हे मी ज्या जागी लिहितेय तो ब्लॉग नवा आहे. त्याच्यावर माझं खरं नाव आहे, गावाचंही. खाली लिहायची जागा उघडी आहे, ती कुणी तपासत नाही. त्यात काय येईल याची मला भीती वाटते. युसूफ वडगावचंही येईल. तू तिथून का आलीस ते मी तुला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, असं आता वाटतं, पण आता काहीही वाटून घेता येतं.

काल तुझी गणाराधना झाली, स्वामींना आणि गावाला जेवण. पंगती उठल्या होत्या, स्वामी निघून गेले होते, पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं पानसुपारीला बसली होती. मी दाराशी तांब्या घेऊन उभी होते. एक माणूस आत आला, पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात पिशवीत वांगी. चपला बाहेर काढून उंबऱ्यापाशीच थांबला.

“शकूबाईंचं घर हेच न्हवं? म्या पालीचा. पायऱ्या लिव्हायचो.”

“कसल्या पायऱ्या?” पप्पांनी विचारलं.

“धरणाच्या वो. धरणाखाली माझं रान हाय. बाजाराला आलो की चौकातल्या कंप्युटरच्या दुकानात बसून एक ओळ लिव्हायचो. त्या पोराकडनं इंग्रजी अक्षरं शिकलतो तेवढ्यासाठी.” तो संकोचून हसला. “आज तिथंच कळलं, बाई गेल्या म्हणून.”

पप्पांनी त्याला बसवून घेतलं. कुणी तरी म्हणालं, “अवो, तुमाला हुडकत ती पालीपत्तोर आलती!”

“मला?” त्याला ते खरं वाटेना. “कावून? त्यांनी तर माझं छापायचंच बंद केलं.”

“शकूनं?” पप्पा म्हणाले. “ती कुणाला न्हाई म्हणणारी नव्हती.”

“आमाला म्हणलं न्हवं शेवटी.” तो रागानं बोलत नव्हता. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होता. “दर बाजारी लिव्हलं. लिव्हायचो अन् गायब व्हायचं. वर इंग्रजीत काय तरी यायचं, ते मला वाचता येईना. म्हणलं, आपलं गावंढळ असतंय, मोठी मोठी लोकं वाचत्यात, बाईंला बरं दिसत नसंल. तरी लिव्हत ऱ्हायलो. मागल्या बाजारीबी लिव्हलं.”

मग एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, “बायामाणसाचं मन असतंय, कधी फिरंल सांगता येत न्हाई.” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. पप्पांनीही मान खाली घातली. मला दिसत होतं की आता हे असंच राहणार. पालीत, या खोलीत, पंगतीला येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या घरी. शकूबाईंनी शेवटी शेवटी दार लावून घेतलं.

मी तांब्या खाली ठेवला. आवाज माझा नेहमीचा नव्हता, जरा मोठाच निघाला, सगळ्यांनी वळून बघितलं. पण शब्द नीट होते, आत्या.

मी म्हणाले, “काका, तिनं तुमचं एकदाही काढलं नाही. तुम्ही लिहिलेलं तिच्यापर्यंत मी जाऊच दिलं नाही.”